सरकारी हापशीवरची भाषा

धामणगाव बढे, ता. मोताळा
१७ ऑगस्ट २००८

समते, जयभीम.

मी तानाबाई. धामणगाव बढेची. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहते, दारात शेवगा आहे, अन् तुह्या बापाची माय लागते. एवढं सगळं सांगून राह्यली, कारण तू विसरली असशीन. पुण्याच्या पाण्यात तसं काही असते म्हणतात. शाकिरचा आतेभाऊ तठी राहून आला, तर सोताच्या बकऱ्या ओळखेना.

मी बोलून राह्यली अन् आसमा लिहून राह्यली. आसमा म्हणजे शेजारच्या शाकिरची बायको. का तिलेबी विसरली? तू डी.एड.ले गेली तवा अंगावर होता तो ड्रेस तिच्याच मशिनीवरचा. तिले म्हणलं, मी बोलन तसंच लिही, शहाणपणा करू नको.

फोन करून पाह्यला. तू 'हं' म्हणते, मंग 'बरं' म्हणते, मंग ठेवून देते. कागदाले 'हं' म्हणून ठेवता येत नाही, म्हणून हा कागद.

मागच्या रविवारी फोन लावला तर हॉस्टेलची कोणी पोट्टी म्हणे, "समता एस्पेरान्तोकडे गेलीय. रोज संध्याकाळी जाते." मी म्हणलं बरं. मंग निंदायले गेली, तर ध्यान थाऱ्यावर नाही, तण ठेवून कपाशीच उपटली. हा एस्पेरान्तो कोण आहे? नावावरून गोव्याकडचा दिसते. जात मी विचारत नाही. घरी माय आहे का, कामधंदा काय करते, अन् हसते का कधीमधी, एवढं लिही. तुह्या बापाले मी सांगितलं नाही. नागसेनचं चित्त सध्या आभाळात आहे. पेरणीपुरता पाऊस आला अन् मंग असा गेला की त्याचाबी फोन नाही.

तुहे वर्गावरचे पाठ कसे चालले? हे शेवटचं साल आहे. बाई म्हणून कोणत्यातरी शाळेत उभी राह्यली की सुटली तू. आमच्यासारखं वाकून राहा लागणार नाही.

तुही आजी, असली तर,
तानाबाई

(शहाणपणा करू नको हेसुद्धा लिहायला लावलं. सलाम. आसमा)


पुणे
३० ऑगस्ट २००८

प्रिय आजी,
सविनय जयभीम.

पत्र मिळाले. आनंद झाला. एस्पेरान्तो हा मुलगा नाही, ती भाषा आहे. एका निवृत्त ग्रंथपालांच्या घरी वर्ग भरतो, तिथे मी शिकायला जाते.

ही भाषा आपोआप झालेली नाही, एका माणसाने रचली आहे. पोलंडमध्ये बियालिस्तोक नावाचे गाव आहे. तेव्हा तिथे रशियाचे राज्य होते. त्या गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू लोक राहत. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि एकाचे दुसऱ्याशी पटत नसे. झामेनहोफ नावाचा एक ज्यू मुलगा हे रोज बघत असे. त्याला वाटले, जी कोणाच्याच घरची नाही अशी एक भाषा असावी, म्हणजे बोलताना कोणी वर नाही, कोणी खाली नाही. शाळेत असतानाच त्याने ती करायला घेतली. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. १८८७ साली त्याने पुस्तक काढले, त्यावर स्वतःचे नाव न घालता 'डॉक्टर एस्पेरान्तो' असे घातले. म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. लोकांनी तेच भाषेचे नाव करून टाकले.

व्याकरण अगदी सोपे आहे. सोळा नियम, आणि त्यांना अपवाद नाहीत. वस्तूचे किंवा माणसाचे नाव असेल तर शेवटी 'ओ' येतो. गुण सांगायचा असेल तर 'आ'. आत्ताची क्रिया 'आस'ने संपते, झालेली 'इस'ने, होणारी 'ओस'ने. शब्दाच्या आधी 'माल' लावले की उलटा अर्थ होतो. 'बोना' म्हणजे चांगले, 'मालबोना' म्हणजे वाईट. 'पात्रो' म्हणजे वडील, त्यात 'इन' घातले की 'पात्रिनो', म्हणजे आई. आणि ज्याच्यावर क्रिया होते त्याला 'न'चे शेपूट, आपल्या 'ला'सारखे. त्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी कुत्रा माणसाला चावला की माणूस कुत्र्याला, हे बरोबर कळते.

पाठ व्यवस्थित चालू आहेत. काळजी नसावी. बाबांना व आसमाभाभींना जयभीम.

तुझी,
समता


धामणगाव बढे
२१ सप्टेंबर २००८

समते, जयभीम.

तुहं पत्र आसमानं दोनदा वाचून दाखवलं. एकदा मले, अन् एकदा ओट्यावर जमलेल्या बायांले. रुखमाबाई म्हणे, पोरगा असता तर बरं झालं असतं, निदान लग्नाचं जेवण तरी भेटलं असतं.

ते 'माल' मले लय पटलं. एकच शब्द ठेवायचा अन् त्याच्यातूनच उलटा काढायचा, म्हणजे डोक्यात अर्धाच पसारा. आमच्याकडं सध्या मालपाऊस आहे. कपाशीवर पानं मालहिरवे होऊन राह्यले. तुह्या बापाचं तोंड मालबोलकं आहे. आसमाची सासू मालगोड. पाह्य, शिकली का नाही मी?

पण तुह्या डाक्टरशी माहं एक भांडण आहे. बापासाठी शब्द केला अन् मायले त्याच्याच शब्दाले ठिगळ लावून दिलं? माय पहिले असते का बाप पहिले असते? बाळ पडलं तर काय म्हणून रडते तठी? डोळ्याचा डाक्टर होता, तरी त्याले हे नाही दिसलं.

अन् शेपटाचं म्हणशीन तर, तू 'ला' लावते, मी 'ले' लावते, तो 'न' लावते. कुत्रं चावलं ते चावलंच.

आता एक विचारते. नागसेननं औंदाबी बीटी कपाशीचे पाकिटं आणले. आम्ही पहिले सरकी घरी ठेवत होतो, राखेत घोळून, अन् पुढच्या साली तीच पेरत होतो. आता म्हणतात घरची पेरली तर उतरत नाही, दरसाली दुकानात जा. मंग ही तुही केलेली भाषा, ती एकदा शिकली की घरची होते, का तिचंबी दरसाली पाकीट घ्या लागते?

अन् शेवटचं. तू लिहिलं, 'पाठ व्यवस्थित चालू आहेत.' हे मी आसमाले तिसऱ्यांदा वाचायले लावलं. आपल्या घरात आजवर कोणाचंच काही व्यवस्थित चाललं नाही. तुह्या आज्याचं नाही, बापाचं नाही. माहं तर नाहीच. कोणी 'व्यवस्थित' म्हणलं की मले बैलाच्या पोटात कळ आली असं वाटते. खरं काय ते लिही.

तानाबाई


पुणे
१२ ऑक्टोबर २००८

प्रिय आजी,
जयभीम.

आधी पाकिटाचं सांगते. नाही, विकत घ्यावी लागत नाही. झामेनहोफने पहिल्याच पुस्तकात लिहून टाकलं की ही भाषा आता माझी नाही, सगळ्यांची आहे, मी तिच्यावरचा हक्क सोडला. ज्याला हवी त्याने शिकावी, वाढवावी. आणि असं सांगतात, की तो डॉक्टरकी शिकायला गावाबाहेर गेला तेव्हा त्याच्या भाषेचे सगळे कागद वडिलांकडे ठेवून गेला होता. वडिलांनी ते जाळून टाकले. मुलगा नादी लागेल म्हणून. त्याने आठवून आठवून सगळी भाषा परत लिहिली.

आईच्या शब्दाबद्दल वर्गात विचारलं. एस्पेरान्तोचे ग्रंथपाल सर म्हणाले, तुमच्या आजींच्या आधी बऱ्याच जणींनी हे भांडण काढलं आहे.

आता खरं. व्यवस्थित नाही.

पहिल्या सराव पाठाला चौथीचा वर्ग होता. मी चित्र दाखवलं आणि म्हणाले, "मले कोण सांगते, हे काय आहे?" एक मुलगा म्हणाला, "मले, मले!" मग सगळा वर्ग बाक वाजवून म्हणायला लागला. मागे मार्गदर्शक बाई बसल्या होत्या. त्या नंतर म्हणाल्या, "समता, हा वर्ग आहे, वावर नाही. आधी भाषा शीक, मग शिकवायला उभी राहा."

तेव्हापासून वर्गासमोर उभी राहिले की जीभ टाळूला चिकटते. प्रत्येक शब्द बाहेर काढण्याआधी तपासते, तोवर पुढचा विसरते. दोन पाठांना ताप आल्याचं सांगून गेलेच नाही. हॉस्टेलचा फोन बोळात आहे, मुली तिथेच केस विंचरत बसलेल्या असतात, म्हणून तुझ्याशी 'हं' म्हणते. तू रागावू नको.

एस्पेरान्तोच्या वर्गात तसं होत नाही. तिथे बँकेतले साहेब अडखळतात, एक प्राध्यापक बाई अडखळतात, मीही अडखळते. ती कोणाच्याच आईची भाषा नाही, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. आठवड्यात मी सगळ्यांपेक्षा भरभर बोलायला लागले. तिथून निघाले की परत मुकी.

वार्षिक पाठ जानेवारीच्या शेवटी आहे. बाहेरचे परीक्षक येतात. तो दिला नाही तर वर्ष गेलं. मला वाटतं, न देताच घरी यावं. कापूस वेचायला हात लागतीलच.

तुझी समता


धामणगाव बढे
९ नोव्हेंबर २००८

समते,

ये. घर तुहंच आहे. पण कापूस वेचायले येत असशीन तर ऐकून ठेव, वेचायले कापूस नाही. कपाशी लाल्या रोगानं गेली. वावर दुरून पळस फुलल्यावानी लाल दिसते, अन् जवळ जावं तर पानं हातात गळतात. जानरावनं तर उभं पीक उपटून बैल सोडले त्याच्यात. तुहा बाप सकाळी वावरात जाते, धुऱ्यावर बांधाले टेकून बसते, दुपारी येते. त्यानं मले सांगितलं, समताचं हे साल हुकलं तर अजून एक साल पुण्याले ठेवायची आपली ताकद नाही. तुले सांगू नको म्हणला. म्हणून सांगून राह्यली.

आता हसण्याचं ऐक. माहं माहेर सिंदखेडराजाकडचं, हे तुले माहीत आहे. तठी आम्ही 'मला' म्हणत होतो, सरळ, तुह्या पुण्याच्या बाईसारखं. लग्न होऊन इथी आली अन् पहिल्याच दिवशी म्हणलं, "मला पाणी पाहिजे." तर तुही पणजी अन् माह्या नणदा पदर तोंडात कोंबून हसल्या. "पाह्य वं, मामलेदारीण आली आपल्या घरी!" मी आठ दिवस पाणी मागितलं नाही, सोता उठून घेतलं. तवा माय माही, इथी 'मला' म्हणलं तर हसतात, तठी 'मले' म्हणलं तर हसतात. हसणाऱ्याले दात दाखवायले निमित्त पायजे, दुसरं काही नाही.

तुह्या भाषेचा मी विचार केला. निंदतांना दुसरं काम काय असते डोक्याले. मले ती सरकारी हापशीसारखी वाटते. पहिले गावात विहिरी होत्या, तर कोणाची कोणती हे पाहून चाला लागे. आपल्या लोकांले तर लांबूनच ओंजळ धरा लागे, वरून कोणी ओतलं तर. मंग हापशी आली. कोणाच्या बापाची नाही. दांडा हलवला की ज्याले त्याले पाणी. मी पहिल्या दिवशी तिचं पाणी प्याली तवा पोट भरलं तरी पीतच होती. त्या डाक्टरनं तेच केलं, चांगलंच केलं, अन् बापानं जाळल्यावर दुसऱ्यांदा केलं म्हणजे खमक्याबी होता.

पण समते, हापशीपाशी कोणी घर बांधत नाही. घागर भरली की डोक्यावर घ्या लागते अन् आपल्या घरी या लागते. तू तठीच बसून राह्यली, घागर पायाशी घेऊन.

पाठ दे का नको देऊ, मी सांगणार नाही. मी अडाणी बाई. मले वर्ग कसा असते तेबी माहीत नाही. बाहेरून खिडकीतून पाह्यला तेवढाच.

तानाबाई

(आजी हे सांगताना रडल्या नाहीत. मी रडले. त्या म्हणाल्या, कागद ओला करू नको. आसमा)


पुणे
२० डिसेंबर २००८

आजी,
जयभीम.

तुझं पत्र उशीखाली आहे. उत्तराला उशीर झाला. दोन राहिलेले सराव पाठ दिले. वाईटच झाले, पण दिले. वार्षिक पाठाचा विषय मिळाला आहे: 'कापूस'. तोच चौथीचा वर्ग. देईन की नाही हे अजून मलाच ठाऊक नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे आणि तू ओरडणार आहेस.

एस्पेरान्तोवाल्यांची एक रीत आहे. जगभरातल्या घरांचे पत्ते एका छोट्या पुस्तकात छापतात. ज्याला ही भाषा येते तो त्यातल्या कोणाच्याही घरी कळवून जातो, राहतो, भाडं द्यावं लागत नाही. मी उन्हाळ्यात आपल्या घराचा पत्ता त्यात दिला होता. हॉस्टेलचा देता येत नव्हता. वाटलं, एवढ्या लांब कोण येणार?

हंगेरी नावाच्या देशातल्या इलोना म्हणून एक बाई येत आहेत. साठीच्या आहेत. शेतकरी आहेत, मिरची पिकवतात. अजिंठा बघायचा आहे आणि आपलं घर तिथून जवळ आहे म्हणून आपलं निवडलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस राहतील आणि मग पुण्याला आमच्या वर्गात येतील. मी घरी यायचं ठरवलं होतं, पण पाठाच्या तयारीमुळे सुटी मिळत नाही. त्यांना मराठी येत नाही, इंग्रजीही जेमतेम. त्यांना नाही म्हणून कळवू का?

आल्याच तर दारात 'बोनान तागोन' म्हणायचं. म्हणजे शुभ दिवस. बाकी कसं होईल ते मला सुचत नाही. शेणाने सारवलेलं घर, बाहेरचा संडास. तिला काय वाटेल?

समता


धामणगाव बढे
१८ जानेवारी २००९

समते, जयभीम.

तुले काय वाटेल ते पहिले सांग, मंग तिले काय वाटेल ते पाहू.

आली. फोनवर तुले 'येऊ दे' म्हणलं होतं, तशी शाकिरनं स्टँडवरून आणली. पांढरे केस, पाठीवर बोचकं, पायात पोट्ट्यासारखे बूट. मी अन् आसमानं तालीम केली होती. दारात मी म्हणलं, "बोनान तागोन!" ती इतकी खुश झाली की भरभर बोलायले लागली तुह्या भाषेत. मी थोडा वेळ हाव हाव केलं. मंग हात जोडले अन् म्हणलं, बाई, माह्यापाशी तेवढंच होतं, संपलं.

तर ती हसली, अन् मंग पाह्य कशी, तिनं तिच्या घरची भाषा काढली. हंगेरीची. मी माही काढली. दोघी बोलत बसलो. मी म्हणलं औंदा लाल्या आला, ती काही म्हणली अन् हातानं दाखवलं, तिच्याकडं गारा पडल्या. मी म्हणलं पोरगा बोलत नाही, तिनं मान हलवली, तिचाबी नसन बोलत. आसमा विचारे, तुमाले समजते का? म्हणलं, नाही समजत, पण खोटं बोलून राह्यली असं वाटत नाही.

ठेचा दिला तर पाण्याशिवाय खाल्ला. मंग तिनं पिशवीतून तिच्या मिरचीचं तिखट काढलं. लालभडक. मी चिमूट जिभेवर ठेवली तर गोड! मिरचीत तिखट नाही, मंग ती काऊन पिकवते वं माय? हे तिले विचारायचं राह्यलं, तू विचारजो.

तिले आपलं बोलणं शिका वाटे. बोट दाखवे, मी सांगो. भाकर. वावर. चूल. मंग आख्खं आख्खं बोलायले लागली. "आजे, मले अजून भाकर दे." "म्या नाही थकली." चुकली की आपल्या आधी सोताच हसे, मंग आपल्याले हसायले काही उरतच नाही. बुधवारी नागसेनसंग वावरात गेली. तिथी धुऱ्यावर तुह्या बापाच्या बाजूले बसली अन् त्याले म्हणली, "काऊन बसून राह्यला बे?" 'बे' मी शिकवलं नव्हतं, ते शाकिरचं. तुहा बाप हसला, समते. दिवाळीपासून पहिल्यांदा.

तिच्या बोचक्यात तुह्यासाठी कापसाचे बोंडं दिले आहेत. कापसाचा पाठ अन् हातात चित्र घेऊन उभी राहशीन? बाकी वावरातले बोंडं तर कवडीएवढे राह्यले. पण बीटीच्या पाकिटासंगं एक छोटं पाकीट येते, साध्या सरकीचं. ते काठानं लावा म्हणतात, म्हणजे अळी तठी येऊन जेवन अन् बीटीची तिले सवय होणार नाही. लोक ते पाकीट उकिरड्यावर फेकतात. नागसेनबी फेकून राह्यला होता, मी उचलून धुऱ्याच्या कडंनं पेरलं. अळीचंबी पोट आहे. त्या ओळीचे बोंडं टपोरे आहेत, तेच दिले. हिरवे आहेत, तू वर्गात फोडून दाखवजो.

बाई गेली तवा गल्ली सुनी झाली. आसमाची सासूसुद्धा स्टँडपर्यंत गेली.

तानाबाई


पुणे
१ फेब्रुवारी २००९

आजे, जयभीम.

पाठ दिला.

सगळं सुरुवातीपासून सांगते. इलोनाबाई आमच्या वर्गात आल्या. सगळे जमलेले, सरांच्या बायकोनं पोहे केलेले. इलोनाबाई आत आल्या अन् सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणल्या, "माय, मले चहा पायजे, दूध नोको!" सगळे खो खो हसले. माझे कान तापले. सर लगेच प्रेमानं म्हणाले, "मला. म-ला." तिनं एस्पेरान्तोत विचारलं, असं कोण म्हणतं? सर म्हणाले, पुस्तकात आहे. ती म्हणाली, "मी ज्या घरी जेवले तिथे 'मले' म्हणतात. बदलायचं असेल तर त्या घरी पत्र लिहा." सर हसले, ती हसली, मीबी हसली. कोणाले काही झालं नाही. मंग ती माझ्याशी तुझ्याच बोलीत बोलायला लागली अन् मले उत्तर देणं भागच होतं. पुण्यात पहिल्यांदा मी तोंड उघडून, चार लोकांत, घरच्यासारखी बोलली.

पण पाठाच्या दिवशी परत तेच. सगळा पाठ पुस्तकी भाषेत तोंडपाठ केला होता. "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण कापूस या वनस्पतीचा परिचय करून घेणार आहोत." एवढं म्हणलं अन् पुढचं वाक्य गेलं. डोकं कोरं. पोरं माझ्याकडे पाहतात, मागं परीक्षक बाई पेन धरून बसलेल्या, बाजूले आमच्या मार्गदर्शक बाई. मनात म्हणलं, संपलं. आता ताप आला सांगावं अन् स्टँडवर जावं.

हाताले काही काम पायजे म्हणून पिशवीतले बोंडं काढले अन् पोरांत फिरवले. फिरत फिरत एक बोंड परीक्षक बाईंच्या हातात गेलं. त्यांनी ते दाबलं, तर आतून गुलाबी अळी निघाली अन् त्यांच्या तळहातावर चालायले लागली. बाई किंचाळल्या अन् खुर्चीवर चढल्या. पोरं बाकांवर चढले. अळी जमिनीवर. आमच्या बाई भिंतीले चिकटलेल्या.

अन् माझ्या तोंडून निघालं, "अवं बाई, उतरा ना खाली! काही नाही करत ते! ते कापूस खाते, माणूस नाही खात!"

मंग मी अळी उचलून पट्टीवर घेतली अन् पोरांले म्हणलं, "या, जवळून पाहा." झालं, सगळे माझ्याभोवती. ही गुलाबी कशी? आत कशी गेली, भोक तर नाही? बीटी म्हणजे काय? मंग तुमच्या वावरात हिले मुद्दाम काऊन ठेवता? मी सांगत गेली. अळीच्या जेवणाच्या ओळी सांगितल्या, राखेतली सरकी सांगितली, लाल्या सांगितला. कुठं 'ला' आला, कुठं 'ले', मी पाह्यलंच नाही. 'मले मले' करणारा पोट्टा सगळ्यात पुढं होता. त्यानं एकदा म्हणून पाह्यलं. मी म्हणलं, "हाव, मले. आता तुले काय विचारायचं ते विचार." त्यानं विचारलं, अळीचं फुलपाखरू होते का. घंटा झाली तरी कोणी हललं नाही.

परीक्षक बाईंनी खुर्चीवरून उतरून शेरा लिहिला: 'पाठ अतिशय जिवंत. भाषा सुधारावी.' पास केलं. आमच्या बाई म्हणल्या, "समता, अळीची कल्पना धाडसी होती." मी म्हणलं, ती कल्पना माझी नव्हती.

आजे, खरं सांग. तू मुद्दाम पाठवलं का किडकं बोंड?

एप्रिलमध्ये लेखी आहे. ती काढते मी. मंग येते, अन् जिथं जागा निघन तिथं अर्ज करते.

तुही,
समता


धामणगाव बढे
१५ फेब्रुवारी २००९

समते, जयभीम.

पत्र आसमानं ओट्यावर वाचलं. परीक्षकीण खुर्चीवर चढली तिथी रुखमाबाईनं परत वाचायले लावलं. तुहा बाप दारात उभा होता, चप्पल घालून, जायच्या बेतात. शेवटापर्यंत उभाच राह्यला. मंग म्हणे, "पास झाली म्हणते?" आसमा म्हणे, हाव. तो म्हणे, "बरं," अन् वावरात गेला. दुपारी आला तर धुरा साफ करून आला होता. पुढच्या साली काय पेरायचं त्याचं बोलून राह्यला जेवतांना. ते छोटं पाकीट फेकायचं नाही म्हणे.

तू विचारते, बोंड मुद्दाम दिलं का. मी म्हातारी बाई. मले बोंडाच्या आतलं काय दिसते? आसमा हसून राह्यली. हसली ते लिहू नको म्हणलं, तरी लिहून राह्यली.

शेऱ्याचं मनावर घेऊ नको. सुधारावी म्हणते तर सुधरव. एक लुगडं वावरातलं असते, एक लग्नातलं असते. दोन्ही घरात असले म्हणजे कोणी उघडं पडत नाही. तुह्यापाशी तर आता तिसरंबी आहे, डाक्टरनं फुकट वाटलेलं. तेबी सोडू नको. इलोनाचं पत्र आलं तर मले वाचून दाखवजो, पण आपल्या बोलीत सांगजो. तिनंबी 'सगळं व्यवस्थित' असं लिहिलं असन तर मले ते नको.

तू कोणत्या शाळेत लागशीन मले माहीत नाही. जिथी लागशीन तिथी पहिल्या दिवशी मले ने. मी आत येणार नाही, मी खिडकीशी उभी राहीन. नाही, ऐक, आता आसमा म्हणून राह्यली की मागच्या बाकावर बसा. बरं, बसीन. पण मी मधेच बोलली तर मले बाहेर काढजो नको.

आता कामाचं. तिकडून कोणी येत असन तर त्याच्या हातून खारी पाठव. बेकरीतली ताजी, लोण्याची नको, साधी. पत्र्याच्या डब्यात घाल अन् वरून कागद दाब. आसमाची वेगळी बांध, नाहीतर तिची सासू आधी हात घालते. अन् रस्त्यात चुरा झाला तर लाजू नको, पाठव. माहे दात चारच उरले, चुराच सोपा जाते.

तानाबाई